वेंगुर्ल्याची बोट बाहेर का थांबायची?

हल्ली कोकणातल्या बऱ्याच घरांत अलास्काच्या जलपर्यटनाची छायाचित्रे पाहायला मिळतात. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असते, आईवडील उन्हाळ्यात तिकडे जातात आणि आठवडाभराची बोटीची सफर करून येतात. एक दिवस ज्युनो बंदर, एक दिवस स्कॅग्वे आणि एक अख्खा दिवस हिमनदी पाहण्यासाठी. समोर निळसर बर्फाची उंच भिंत आणि अलीकडे कानटोपी घालून कठड्याला टेकलेले काका-काकू, असे एक छायाचित्र त्यात हमखास असते. आमचे लक्ष मात्र बर्फापेक्षा त्या कठड्याकडे जाते. हा कठडा ज्या बोटीचा, ती पाव किलोमीटरहून लांब असते, तिच्यात दोन-तीन हजार माणसे असतात आणि ग्लेशियर बे या उपसागराच्या तोंडातून शंभरेक किलोमीटर आत, डोंगरांच्या कुशीत शिरून ती बर्फापुढे उभी राहिलेली असते.

शिरोड्यासारख्या गावातल्या वडीलधाऱ्यांना बोट म्हटली की काही वेगळेच आठवते. शिरोड्याला बोट लागत नसे. मुंबईला जायचे तर उत्तरेला पंधरा-सतरा किलोमीटरवरचे वेंगुर्ला गाठायचे, वळकट्या आणि आंब्याच्या पेट्या सांभाळत बंदरावर ताटकळायचे. क्षितिजावर धुराची रेघ दिसली की बंदरात गडबड उडायची. पण बोट किनाऱ्यापर्यंत यायचीच नाही. ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसे पडावात बसून तिच्याकडे जायची. पडाव लाटेवर वर आला की नेमक्या त्या क्षणी खलाशी दंडाला धरून माणसाला बोटीवर ओढून घ्यायचा. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या बायका, कोंबड्यांचे खुराडे, सगळे असेच चढायचे. ‘बोट लागली’ या शब्दांचे आपल्याकडे दोन अर्थ होतात, एक बंदरातला आणि एक पोटातला. दोन्ही बहुधा पडावातच एकदम कळायचे.

तिकडे एवढी मोठी बोट डोंगरात शिरते आणि इकडे तिच्या मानाने चिमुकली आगबोट वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याला टेकत नाही, असे का? ‘धक्का नव्हता म्हणून’ हे उत्तर वर्गात लगेच मिळेल. मग धक्का का नव्हता? पाणी उथळ होते म्हणून. पाणी उथळ का? इथे वर्ग गप्प होतो, आणि इथूनच आपली गोष्ट सुरू होते. तिचे उत्तर बर्फात आहे. ज्या किनाऱ्यावर कधी बर्फाचा कणही पडला नाही त्याचा आकार बर्फाने ठरवला, असे आम्ही म्हणालो तर अतिशयोक्ती वाटेल. पण ते शब्दशः खरे आहे.

बोटीची वाट

आधी ही बोट कुठली ते पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेफर्ड कंपनीच्या आगबोटी कोकण किनाऱ्यावर धावत. पुढे बॉम्बे स्टीम नेव्हिगेशन कंपनीचे नाव घरोघरी झाले. स्वदेशीच्या चळवळीत देशी भांडवलाच्या कंपन्याही उतरल्या. स्वातंत्र्यानंतर चौगुल्यांच्या ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटी आल्या, नंतर ही वाहतूक सरकारी मोगल लाइनकडे गेली. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळी निघालेली बोट हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूरजवळचे मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरे घेत दुसऱ्या दिवशी पणजीला पोचायची. सगळ्याच बोटी सगळी बंदरे घेत नसत, पण क्रम हाच. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. त्या काळात शिरोड्याच्या माणसाच्या दृष्टीने मुंबईचा रस्ता म्हणजे हाच पाण्याचा रस्ता होता.

पावसाळ्यात तो बंद असे. मेअखेर बोटी थांबत आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला की पुन्हा सुरू होत. मुंबई बंदराच्या आसपासची थोडी वाहतूक पावसाळ्यातही चाले, आणि तिचा धोका केवढा असतो ते १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट रेवसला जाताना बुडाली तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला कळले. सहाशेहून अधिक माणसे त्यात गेली.

ही बोटवाहतूक १९८० च्या दशकात संपली. रस्ते आणि एस. टी. यांनी तिचे उतारू आधीच नेले होते, २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण खुली झाल्यावर प्रश्नच उरला नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ नावाची सहलीची बोट सुरू झाली, पण २०२० मध्ये करोनाच्या साथीत ती थांबली. हे नाव लक्षात ठेवावे, पुढे लागणार आहे.

वरच्या यादीतली बंदरे नकाशावर शोधली तर त्यांतली बहुतेक खाडीच्या तोंडाशी आहेत असे दिसेल. दाभोळ वाशिष्ठीच्या, जयगड शास्त्रीच्या, विजयदुर्ग वाघोटनच्या. खाडी म्हणजे समुद्राचे भरतीचे पाणी जिथवर शिरते तो नदीचा शेवटचा भाग. भरतीचे पाणी दाभोळहून पार चिपळूणपर्यंत जाते. कोकणातल्या नद्या सह्याद्रीवर उगम पावून जेमतेम पन्नास-शंभर किलोमीटर वाहतात. एवढ्याशा नद्यांना एवढी मोठी तोंडे कशी? उत्तर भूगोलाच्या पुस्तकात एका शब्दात असते: ‘बुडालेली दरी’. नदीने जमिनीवर असताना खोदलेली दरी पुढे समुद्राचे पाणी चढल्यामुळे बुडाली, तिची खाडी झाली.

पण मग दरी बुडाली म्हणजे ती खोल असायला हवी. आणि जुन्या बंदरांचा इतिहास सांगतो की कोकणच्या खाड्या खोल राहिल्या नाहीत. खारेपाटण हे गाव आज समुद्रापासून बरेच आत आहे. तिथे सापडलेल्या शिलाहार राजा रट्टराजाच्या ताम्रपटात (शके ९३०, म्हणजे इ. स. १००८) परद्वीपांहून येणाऱ्या प्रत्येक जहाजाकडून घ्यायच्या सोन्याच्या गद्याणाचा उल्लेख आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वी समुद्रपार जाणाऱ्या जहाजांचा या भागाशी नित्याचा संबंध होता. राजापूरला तर इंग्रजांची वखार होती आणि अरबी गलबते थेट येत. पण इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात नोंद अशी आहे की मोठ्या जहाजांना राजापूरच्या जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैल अलीकडेच थांबावे लागते. धक्का तिथेच होता. पाणी मागे सरकले होते, किंवा खरे सांगायचे तर गाळ पुढे आला होता.

याला अपवाद आहेत, आणि ते सांगायला हवेत. विजयदुर्गाच्या तोंडाशी वाळूचा दांडा नाही. तिथे जहाजाला कोणत्याही हवेत शिरता येते, म्हणून तर ते आंग्र्यांचे आरमारी ठाणे झाले. उलट पणजीला जाणारी बोट मांडवीच्या मुखाशी आग्वादचा दांडा ओलांडून आत जायची, आणि पावसाळ्यात लाटा त्या दांड्यावर फुटत म्हणून ती वाट बंदच होई. वेंगुर्ल्याला मोठी खाडीही नाही, समोर उघडा समुद्र आणि हळूहळू उतरत जाणारा वाळू-चिखलाचा तळ.

नदीची खोदाई आणि हिमनदीची खोदाई

नदी कितीही जोराची असली तरी ती समुद्रसपाटीच्या फार खाली खोदू शकत नाही. पाणी उतारावरून वाहते. समुद्राला मिळाले की उतार संपला, वेग संपला आणि खोदाईही संपली. उलट वेग मंदावला की नदी बरोबर आणलेला गाळ तिथेच टाकते.

हिमनदीला हा नियम लागू नाही. ती बर्फाची असते, शेकडो मीटर जाड असते आणि तळाशी धरलेल्या दगडांनी कानस चालवावी तसा कातळ खरवडत पुढे सरकते. तिचा तळ समुद्रसपाटीच्या खाली गेला तरी वरच्या बर्फाचे वजन तिला तळाशी दाबून ठेवते. बर्फ वितळून हिमनदी मागे हटली की उरलेल्या खोल, उभ्या काठांच्या दरीत समुद्र शिरतो. तिला फियॉर्ड म्हणतात. ग्लेशियर बे हा असाच फियॉर्ड आहे, त्याचा तळ काही ठिकाणी चारशे मीटरांहून खोल आहे. एवढे पाणी खाली असल्यावर बोटीला काय भीती?

यात वयाचाही भाग आहे. १७९४ मध्ये, म्हणजे महादजी शिंदे वारले त्या वर्षी, इंग्रज दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूव्हर याच्या बोटी अलास्काच्या त्या किनाऱ्यावर नकाशे काढत होत्या. आजच्या ग्लेशियर बेच्या तोंडाशी त्यांना बर्फाची भिंत दिसली, आत शिरायला जेमतेम आठ किलोमीटरची खाच होती. १८७९ मध्ये निसर्ग-अभ्यासक जॉन म्यूर तिथे वल्ह्याच्या होडीतून गेला, तोवर बर्फ तीस मैलांहून अधिक मागे हटला होता. १९१६ पर्यंत ते अंतर साठेक मैल झाले. आज सहलीच्या बोटी जिथे उभ्या राहतात तिथे व्हँकूव्हरच्या काळी बर्फाचा प्रचंड थर होता. म्हणजे तो समुद्र अवघा शे-दोनशे वर्षांचा आहे. तिथेही गाळ साचतो आहे, भरपूर साचतो आहे, पण चारशे मीटर भरायला वेळ लागतो. त्यांची खाडी तान्ही आहे. आपली हजारो वर्षांची म्हातारी आहे, तिचे तोंड भरत आले आहे.

(हिमनदीने खरवडलेला कातळ पाहायला अलास्कालाच जावे लागते असे नाही. चंद्रपूर जिल्ह्यात इरई येथे ओरखडे उठलेला चुनखडक आहे, एकोणिसाव्या शतकात फेडन या भूवैज्ञानिकाने त्याची नोंद केली. ते ओरखडे मात्र जवळजवळ तीस कोटी वर्षांपूर्वीच्या हिमयुगाचे. आपण बोलतो आहोत ते कालपरवाचे, वीस हजार वर्षांपूर्वीचे. दोन्हींची गल्लत करू नये.)

१८७८-७९

आता भाऊच्या धक्क्याकडे परत येऊ. तिथून हाकेच्या अंतरावर मुंबईची प्रिन्सेस डॉक ही गोदी होती. तिचे खोदकाम चालू असताना, १८७८ च्या सुमारास, निळसर चिखलाच्या थराखाली मजुरांना झाडे सापडली. एक-दोन नव्हेत, तीनशेहून अधिक. त्यांतली निम्म्याहून जास्त जागच्या जागी उभी होती, मुळे जमिनीत रोवलेली. लाकूड खैराचे होते. खैर हे डोंगरउताराचे झाड, ते खाऱ्या पाण्यात उगवत नाही. म्हणजे भरतीच्या पाण्याच्या कितीतरी खाली असलेली ती जागा कधी काळी कोरडी जमीन होती. कोकणच्या बोटीचा प्रवास जिथून सुरू व्हायचा त्याच्या शेजारीच एक बुडालेले जंगल निघाले.

त्या काळच्या भूवैज्ञानिकांनी जमीन खचली असा निष्कर्ष काढला. मुंबई बेटापुरता तो काही अंशी बरोबरही असेल. पण दुसरी शक्यता चाळीस वर्षांपूर्वीच कागदावर आली होती. लुई अगासी याने १८३७ मध्ये हिमयुगाची कल्पना मांडली, आणि पाठोपाठ १८४०-४२ च्या सुमारास एडिंबरोच्या एका वृत्तपत्राचा संपादक चार्ल्स मॅक्लारेन याने अगदी साधा प्रश्न विचारला: एवढे बर्फ जमिनीवर साचले तर त्याचे पाणी आले कुठून? समुद्रातूनच. मग तेव्हा समुद्र खाली गेला असला पाहिजे. हा विचार भूवैज्ञानिकाला नव्हे तर संपादकाला सुचला, हे आम्हांला फार आवडते. पुढे १८८८ मध्ये एडुआर्ड झ्यूस याने जमीन न हलता साऱ्या जगाचा समुद्र एकदम वरखाली होण्याला स्वतंत्र नाव दिले.

मॅक्लारेनचा हिशेब वर्गात करता येतो. समुद्राचे क्षेत्रफळ सुमारे ३६ कोटी चौरस किलोमीटर. पाण्याची पातळी १२० मीटर, म्हणजे ०.१२ किलोमीटर उतरवायची तर ४.३२ कोटी घन किलोमीटर पाणी काढावे लागेल. उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोप यांवर दोन-तीन किलोमीटर जाडीचे बर्फ घाला, हिशेब जमतो. १२० मीटर हा आकडा आमचा नव्हे. क्रिकेटमुळे आपल्या ओळखीच्या बार्बाडोस बेटाजवळ समुद्रात भोके पाडून जुनी प्रवाळे काढण्यात आली. प्रवाळाची एक जात पाण्याच्या पृष्ठभागापासून चार-पाच मीटरांतच वाढते, त्यामुळे ती जिथे सापडली तिथे तेव्हा पाण्याचा पृष्ठभाग जवळ होता असे समजायचे. रिचर्ड फेअरबँक्स यांनी १९८९ मध्ये यावरून सांगितले की हिमयुगाच्या भर काळात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता.

आपल्या किनाऱ्याचा हिशेब गोव्यातल्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत झाला. समुद्रतळावरून काढलेले गाळाचे आणि चुनखडकाचे नमुने, त्यांतल्या कार्बन-१४ वरून काढलेले वय, यांच्या आधारे हाशिमी, निगम, नायर आणि राजगोपालन यांनी १९९५ मध्ये पश्चिम किनाऱ्यासाठी समुद्रपातळीचा आलेख प्रसिद्ध केला. त्यानुसार सुमारे १४,५०० वर्षांपूर्वी पाणी आजच्यापेक्षा १०० मीटर खाली होते. नंतर ते चढले, मध्ये काही काळ थबकले, आणि १०,००० ते ७,००० वर्षांपूर्वीच्या काळात दर हजार वर्षांना साधारण २० मीटर या वेगाने चढत आजच्या पातळीच्या आसपास आले.

किनाऱ्यावरच्या माणसाच्या दृष्टीने याचा अर्थ काय? गोव्यासमोर समुद्रबूड जमीन शंभरेक किलोमीटर रुंद आहे आणि तिच्या काठाशी पाणी साधारण शंभर मीटर खोल आहे. म्हणजे सरासरी उतार किलोमीटरला एक मीटर. हजार वर्षांत २० मीटर म्हणजे वर्षाला २ सेंटिमीटर. या उतारावर पाणी २ सेंटिमीटर चढले की किनारा २० मीटर आत सरकतो. पन्नास वर्षांच्या आयुष्यात एक किलोमीटर. लहानपणी ज्या झाडाखाली खेळलो ते म्हातारपणी लाटांपलीकडे गेलेले. त्या काळी इथे माणसे होती, त्यांनी हे पाहिले असणार.

‘आंग्रिया’ हे नाव लक्षात ठेवायला सांगितले होते. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरवर समुद्रात एक बुडालेले पठार आहे, त्यालाही आंग्र्यांवरूनच ‘आंग्रिया बँक’ म्हणतात. त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर आहे आणि त्यावर प्रवाळ वाढते. समुद्र शंभर मीटर खाली असताना हे पठार डोंगरासारखे उभे असणार, मग पाणी चढत गेले तसे त्याचे बेट झाले असणार. आजच्या माथ्याची खोली आणि वरचा वेग धरला तर सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी ते बुडाले असे येते. प्रवाळाची नंतरची वाढ यात धरलेली नाही, म्हणून हा आकडा ढोबळच मानावा.

आता बोट बाहेर का थांबायची ते सांगता येईल. हिमयुगात समुद्र खाली गेला तेव्हा कोकणच्या नद्यांना पुढे उतार मिळाला, त्यांनी आपल्या दऱ्या खोल केल्या. बर्फ वितळले, पाणी चढले, दऱ्या बुडाल्या. सात हजार वर्षांपूर्वी पाणी बहुतांशी थांबले. पण नद्या थांबल्या नाहीत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत, आणि जांभ्याची सुटी होणारी माती. दर पावसाळ्यात गाळ येत राहिला, लाटांनी तोंडाशी वाळूचे दांडे घातले. खाडीवर पूल बांधणाऱ्या अभियंत्यांना विचारावे, खांबांना कातळ मिळेपर्यंत किती चिखलातून खाली जावे लागते ते. तो सगळा चिखल म्हणजे भरून आलेली जुनी दरी. अलास्कातली दरी हिमनदीने स्वतः खोदली आणि ती गेल्या दोनशे वर्षांत उघडी पडली, म्हणून बोट आत जाते. आपली दरी दूरच्या बर्फाने बुडवली आणि नद्यांनी सात हजार वर्षे भरली, म्हणून बोट बाहेर थांबते आणि पडाव लागतात.

शिरोड्याचे मीठ

हा गाळ बोटवाल्यांना नकोसा, पण शिरोड्याचे मीठ त्याच्यावरच पिकले. मिठागराला तीन गोष्टी लागतात: भरतीचे पाणी, कोरडे कडक ऊन आणि पाणी जिरू न देणारी सपाट चिकणमाती, तीही नेमकी भरतीच्या पातळीच्या जवळपास. वाळूत मिठागर होत नाही, पाणी जिरून जाते. जांभ्याच्या सड्यावर होत नाही, तिथे भरती पोचत नाही. भरून आलेल्या खाडीच्या काठीच या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात. मे १९३० मध्ये शेकडो सत्याग्रही मीठ उचलायला शिरोड्याच्या मिठागरांत उतरले, पोलिसांच्या लाठ्या त्यांनी खाल्ल्या, आणि शिरोडा हे नाव साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाले. ज्या चिखलावर ते उभे होते तो पाणी थांबल्यानंतरचा, म्हणजे भूविज्ञानाच्या हिशेबाने अगदी अलीकडचा आहे. कोकणातली खाजणे, खारभूमीतली भातशेती आणि किनाऱ्यावरच्या पुळणीचे व माडांच्या बागांचे पट्टे यांचेही तसेच. पाणी वर्षाला दोन सेंटिमीटर चढत होते तोवर असे काही टिकणे शक्य नव्हते. ते थांबले म्हणून हा किनारा घडला.

मिठावरून आणखी एक गंमत सुचते. समुद्राची सरासरी खोली ३,७०० मीटर धरा. त्यातले १२० मीटर पाणी बर्फ होऊन जमिनीवर गेले, पण मीठ मागेच राहिले. आज एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तेव्हा किती असतील? त्रैराशिक मांडले की ३६ ग्रॅमच्या किंचित वर येते. हिमयुगात शिरोड्यासमोरचा समुद्र थोडा अधिक खारट होता, हे सातवी-आठवीचा मुलगा कागदावर काढू शकतो.

पाणी इथे चढते, तिथे उतरते

प्रिन्सेस डॉकमधली झाडे सापडली त्याच सुमाराची मुंबईतली आणखी एक घटना आहे. १८७८ पासून अपोलो बंदरावर भरतीमापकाच्या नोंदी आहेत. आशियातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक. त्या लांबलचक नोंदींवरून मुंबईला समुद्र सरासरीने वर्षाला एक मिलिमीटरच्या थोड्या आतच चढत आला असे दिसते. साऱ्या जगाचा विचार करता वेग अलीकडे वाढला आहे. उपग्रहांच्या मोजणीनुसार १९९३ ते २०२३ या तीस वर्षांत समुद्र सुमारे १० सेंटिमीटर चढला. बर्फाच्या वितळण्याप्रमाणेच पाणी तापून फुगण्याचाही त्यात मोठा वाटा आहे.

आता ज्युनोचा भरतीमापक पाहू. तिथे समुद्र चढत नाही, वर्षाला सुमारे १३ मिलिमीटर या वेगाने उतरतो आहे. हा आकडा ऐकून माणसे चक्रावतात. एवढे बर्फ तिथेच वितळते आणि तिथलेच पाणी कमी होते? कारण तिथली जमीन वर येते आहे. गादीवरून माणूस उठला की खळगा हळूहळू भरून येतो, तसे बर्फाचे ओझे उतरल्यावर तिथले भूकवच उचलले जाते. शिवाय बर्फाच्या प्रचंड राशीचे गुरुत्वाकर्षण आजूबाजूचे पाणी आपल्याकडे खेचून धरते. राशी घटली की ती पकड सैल होते आणि पाणी दूर जाते. दूर म्हणजे कुठे? उष्ण कटिबंधातल्या, बर्फापासून लांबच्या किनाऱ्यांकडे, ज्यांत आपण आहोत. जगभरच्या पर्वतांतल्या हिमनद्यांनी २००० ते २०१९ या काळात जे बर्फ गमावले त्यात अलास्काचा वाटा जवळजवळ चौथा हिस्सा होता. काका-काकूंच्या छायाचित्रात बर्फाचा जो कडा कोसळताना दिसतो त्याचे पाणी ज्युनोच्या धक्क्याला लागत नाही. ते वेंगुर्ल्याच्या वाटेला येते.

वर्षाला तीन-चार मिलिमीटर हा आकडा मुलांना फार लहान वाटतो, आणि सात हजार वर्षांपूर्वीच्या वीस मिलिमीटरांपुढे तो लहान आहेही. पण तेव्हा किनाऱ्यावर घर बांधलेले, बांध घातलेला, माड लावलेला कोणी नव्हता. शिरोड्याच्या वेळागरच्या पुळणीवर मुलांना नेऊन हा आकडा जमिनीवर मांडता येतो. गवंडी घराची सपाटी पाहायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, ती पंधरा-वीस मीटर लांबीची मागून आणावी. दोन सरळ काठ्यांवर सेंटिमीटरच्या खुणा कराव्यात. अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी, उधाणाच्या भरतीने शिंपल्यांची आणि काटक्यांची जी सर्वांत वरची रेघ सोडलेली असते, तिथे एक काठी रोवावी. नळीच्या मदतीने टप्प्याटप्प्याने आत सरकत पहिल्या माडापर्यंत, पहिल्या विहिरीपर्यंत, पहिल्या उंबऱ्यापर्यंत उंची किती वाढते ते वहीत लिहावे, शेजारी अंतर आणि तारीख लिहावी. मोजणी एकदा मेमध्ये आणि एकदा दिवाळीनंतर करावी. पावसाळ्यात समुद्र पुळणीवरची वाळू ओढून नेतो आणि हिवाळ्यात ती परत आणून टाकतो, त्यामुळे दोन वेळचे आकडे जुळणार नाहीत. हा वर्षभरातला फरक किती ते आधी कळले पाहिजे, म्हणजे दहा वर्षांनी त्याच शाळेतली दुसरी मुले त्याच विहिरीपाशी नळी धरतील तेव्हा त्यांना तो वजा करता येईल.